आत्याचे रविवार आणि माझं पत्रक

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वर्षी, जून महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये, सूचनांच्या वेळी. आत्या तेव्हा तिथे नव्हती. मी होते, चौथ्या बाकावर. वेळ नक्की सांगते, कारण समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं आणि त्यात सव्वादहा झाले होते.

कमिटीचे सेक्रेटरीसाहेब उठले. चष्मा लावला, वाढदिवस वाचले, महिला संघाची सहल वाचली, आणि त्याच आवाजात पुढे वाचलं की आजपासून प्रभुभोजनाच्या तयारीची सेवा दुसऱ्या भगिनींकडे सोपवण्यात येत आहे, आधीच्या भगिनींचे मंडळी आभार मानते. पुढची सूचना पार्किंगची होती.

प्रभुभोजन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे सगळी मंडळी भाकरीचा एक लहान तुकडा आणि बोटभर पेल्यातला द्राक्षरस घेते, येशूच्या मरणाची आठवण म्हणून; यालाच प्रभूचं मेजही म्हणतात. आमच्या मंडळीत तो रस बाटलीतला नसायचा. आत्या काळ्या मनुका भिजत घालायची, शनिवारी उकळायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची. पेले मोजून ट्रेमध्ये लावायची. बावीस वर्षं. मी एवढीशी असल्यापासून महिन्यातला एक शनिवार आमच्या घरात मनुकांच्याच वासाचा असायचा, बाबांनी बोंबील तळले तरी.

बाहेर जिन्यापाशी मी सेक्रेटरीसाहेबांना गाठलं.

"सलाम अंकल. हे तुम्ही आत्याला आधी सांगितलं होतं?"

"सांगणार कधी? त्या येतात कुठे?"

"फोन आहे की तिच्याकडे."

"हे बघ बाळ, ही शिस्तीची गोष्ट आहे. जानेवारीपासून बाई रविवार सोडून गोवंडीला जातात. प्रभूचं मेज सोडून! बरं, तिथे सुवार्ता सांगतात का? नाही. प्रार्थना तरी? नाही. मी स्वतः विचारलं त्यांना. काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, मी तिची नखं कापते."

"मग?"

"मग ही सेवा झाली का? तूच सांग."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण सेवा झाली का, हा प्रश्न मी स्वतःच आत्याला घरी चार वेळा विचारला होता.

आत्या घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होती, निवृत्त होईपर्यंत. तिच्या वॉर्डात एक आया होती, जिला सगळे मावशी म्हणायचे. दोघींनी मिळून किती बाळांना पहिली अंघोळ घातली असेल, देव जाणे. मावशी गोवंडीला मुलाकडे राहते. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलगा पवईला एका ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये सिक्युरिटीला, सून मॉलमध्ये हाऊसकीपिंगला. दोघांच्या ड्युट्या अशा, की आठवडाभर आलटून पालटून कुणीतरी घरी असतं, फक्त रविवारी नऊ ते बारा नसतं. म्हणून आत्या रविवारी नऊ ते बारा जायची.

मी तिला विचारलं होतं, "पण हे देवाचं पाचारण आहे हे तुला कळलं कसं? आवाज आला?"

आत्या मेथी निवडत होती. "नाही गं. माझ्या हातात पेल्यांचा ट्रे होता. मी बाकाबाकापाशी फिरत होते आणि मला वाटलं, आत्ता तिला कुणी पाणी देत नसेल."

"एवढंच?"

"एवढंच."

"याला पाचारण म्हणतात?"

"मग काय, बँड वाजणार होता?"

"तुझ्या मनातच आलं असेल ते."

"असेलही. मी सहा महिने टाळलं. टाळत होते तेव्हा गुडघा दुखायचा. आता जाते तरी दुखतो. म्हणजे ते काही लक्षण नव्हे."

"शनिवारी जा ना मग. चर्चही होईल, तेही होईल."

"शनिवारी तिची सून असते घरी. मला रविवारी बोलावलंय."

हे ती इतकं सरळ सांगायची, जणू डॉक्टरनं अपॉइंटमेंट दिलीये. मला राग यायचा. मी पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका संघटनेत आहे, तिथे आम्ही वस्तीतल्या बायकांना सांगतो की एकेकटीनं सोसू नका, एकत्र या, मागणी करा. आणि माझ्या घरात ही बाई देवाचं नाव घेऊन एकटीच जाते, नखं कापते, तांदूळ निवडते, परत येते. याला काय म्हणायचं?

तरीही त्या रविवारी मी तिच्या बाजूची झाले. ती साडेबाराला घरी आली. मी दारातच सांगितलं, काय जाहीर झालं ते.

"बरं," ती म्हणाली. पाणी प्यायली. "कुणाकडे दिलं?"

"त्या बँकेतल्या काकूंकडे."

"तिला सांग, मनुका दोनदा धुवायच्या. वाळू असते."

"आत्या! बावीस वर्षं! एक फोन नाही केला त्यांनी तुला!"

"ऐकलं मी. ओरडू नकोस." मग तिनं गाळायचं फडकं काढलं, स्वच्छच होतं ते, पुन्हा धुतलं आणि गॅलरीत वाळत घातलं. बराच वेळ आत आली नाही.

मी ठरवलं, पत्रक काढायचं.

पत्रक कसं लिहायचं हे मला संघटनेतल्या ताईंनी शिकवलं आहे. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला, लगेच कधी झाला, शेवटी मागणी. आणि मध्ये एक माणूस असा उभा करायचा की वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे. मी शनिवारी सायनच्या बसस्टॉपवर उभी होते, बस येत नव्हती, आणि अख्खं पत्रक डोक्यात उतरलं. एक शब्द शोधावा लागला नाही. अंगावर काटा आला. मला वाटलं, आत्याला ट्रे धरून कळलं तसं मला इथे कळतंय. हे माझं पाचारण आहे. हसू नका. मला तेव्हा ते खरंच वाटलं, आणि आजही मी शपथेवर सांगू शकत नाही की ते नव्हतं.

घाटकोपरच्या झेरॉक्सवाल्याकडे पांढरा कागद संपला होता. "गुलाबी चालेल का मॅडम?" चालेल म्हटलं. तीनशे प्रती. वरती मोठ्या अक्षरात: प्रभूचं मेज कोणाचं? आणि मध्ये, जिथे पोटात कालवायचं तिथे, असं लिहिलं होतं: गोवंडीच्या कचऱ्याच्या डोंगराच्या सावलीत, एका अंधाऱ्या खोलीत, जगानं टाकून दिलेली एक निराधार वृद्धा दर रविवारी एका पावलाची वाट पाहते.

मी गोवंडीच्या त्या घरी तोपर्यंत एकदाही गेले नव्हते.

आत्याला दाखवलं नाही. पुढच्या रविवारी आमच्या गेटवर वाटलं, मग भांडुपच्या आणि घाटकोपरच्या मराठी चर्चमध्ये मैत्रिणींनी वाटलं. माणसं थांबून वाचत होती. एका आजीनं माझे गाल धरले, "देवानं तुझ्या तोंडात शब्द घातलेत पोरी" म्हणाली. कमिटीतल्या दोघांनी माझ्याकडे बघणं टाळलं. घरी जाताना मी वडापाव घेतला आणि रस्त्यावर उभी राहून एकटीच हसत खाल्ला. झकास झालं होतं सगळं.

आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी, आत्या दहालाच परत आली. तिनं चप्पल काढली नाही. दारातल्या खुर्चीवर बसली आणि पर्समधून घडी केलेला गुलाबी कागद काढला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस."



झालं होतं असं. कुणीतरी पत्रकाचा फोटो काढला. तो फिरत फिरत आत्याच्या जुन्या प्रसूतिगृहातल्या स्टाफच्या ग्रुपवर गेला. गोवंडीला कोण जाते, कोणाकडे जाते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. एका निवृत्त सिस्टरनं मावशीच्या मुलाला फोन लावला आणि झापलं, "अरे, जन्म दिला तिनं तुला. टाकलंस होय रे आईला?" सुनेच्या मॉलमध्येही तो फोटो पोचला. मुलानं त्या रविवारी ड्युटी बदलून घेतली, घरी थांबला, आत्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाला, "सिस्टर, तुमचे उपकार आहेत. पण पुढच्या रविवारपासून येऊ नका."

"काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"काय म्हणणार? चहा प्यायले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण अवलक्षण माझं नव्हतं, गोवंडीच्या घरातल्या तिघांचं होतं, आणि हात माझा.

मंगळवारी मावशीच्या मुलाची सुट्टी असते. मी गेले. इमारत पुनर्वसनाची, तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार उघडंच होतं. खोली अंधारी नव्हती. खिडकी पूर्वेची, फरशी पुसलेली, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली ताजी फुलं. मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती, केस ओले, नुकतेच विंचरलेले, पावडर लावलेली. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला लोखंडी पाइप ठोकला होता, हिरवा रंग दिलेला, तिच्या डाव्या हाताच्या उंचीवर. तो मुलानं स्वतः बसवला होता, हे मला नंतर कळलं. मी त्या पाइपकडे बघत राहिले आणि तो बनियनवर बाहेर आला.

"बोला."

"मी सिस्टरची भाची. ते पत्रक..."

"इथे नको. तिला बोलता येत नाही, ऐकू येतं." त्यानं मला पॅसेजमध्ये आणलं, दार लोटून घेतलं. "निराधार म्हणजे काय हो?"

तो थांबला नाही.

"बारावी झालोय मी. निराधार म्हणजे जिला कुणी नाही ती. मग मी कोण?"

"चूक झाली."

"चूक कशी झाली? बघायला आला होतात कधी?"

"नाही."

"मग कुठून लिहिलंत?"

याचं खरं उत्तर मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ती म्हातारी आमच्या जुन्या पत्रकांमधून आली होती. पाण्याच्या, घराच्या, रेशनच्या पत्रकांमधून. मी तिला उचलून इथे आणून बसवली होती. पण हे त्याला कसं सांगणार?

"आत्यावर अन्याय झाला होता," मी म्हणाले. "ते लोकांना कळावं म्हणून."

"झाला असेल. सिस्टरबद्दल माझ्या मनात काही नाही. आई त्या आल्या की वेगळीच असते. पण आता त्या जिना चढल्या की बिल्डिंग म्हणणार, आली बघा निराधाराला भेटायला. माझी बायको कामावरून रडत आली, ताई. रोज पहाटे सासूची लुगडी धुऊन जाते ती."

"मी काय करू सांगा."

"परत घ्या."

"वाटून झालं ते."

"वाटलं कसं? हातानं ना? मग हातानंच परत घ्या. सगळे आणून दाखवा मला. मग म्हणावं सिस्टरना, या."

तो रागात बोलून गेला की खरंच अट घातली, मला आजही माहीत नाही. आतून मावशीचा आवाज आला, एकच, लांबट, आणि तो लगेच आत गेला. मी जिना उतरले.

मी ती अट धरून चाललेय. देवाची आज्ञा अशी बनियनवरच्या माणसाच्या तोंडून येते का? तो देव मानतही नाही. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "मला काय विचारतेस? मी स्वतःच गोंधळलेय." तिचा प्रश्न वेगळाच होता. दार बंद झालं म्हणजे बोलावणं संपलं, की बोलावणं आहेच आणि फक्त दार बंद आहे? पाळकसाहेब घरी आले, तर तिनं त्यांनाही हेच विचारलं. ते चांगले आहेत, बराच वेळ बसले, प्रार्थना केली, आणि जाताना म्हणाले, "ताई, मलाही सांगता येत नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

जुलैपासून मी दारोदार फिरतेय. वाटायला एक दिवस लागला होता. परत घ्यायला वर्ष झालं, संपलं नाही. मुलुंडच्या एका काकूंनी मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं होतं, तेलाचे गोल डाग पडलेले. "एवढ्यासाठी आलीस होय? बस, सरबत घे." भांडुपच्या एका काकांनी दारातच विचारलं, "मला तर पटलं होतं तुझं. आता परत मागतेस म्हणजे खोटं होतं?"

"अर्धं खोटं होतं."

"कुठलं अर्धं?"

आत्याबद्दलचं खरं आणि मावशीबद्दलचं खोटं, असं मी म्हणायला गेले आणि अडकले. कारण आत्याबद्दलचं तरी खरं कुठे होतं? मी तिला अशी लिहिली होती, जणू ती कमिटीला न जुमानता ताठ मानेनं चालली आहे. ती तशी नव्हतीच. घाबरत जायची. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ट्रे लावून ठेवायची, कमिटीला राग येऊ नये म्हणून. हे मी त्यात कुठे लिहिलं होतं? काकांनी कागद दिला, पण माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू मीच कमिटीत गेलेय.

सगळ्यात शेवटी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. त्यांच्याकडे फाइल होती, त्यात माझं पत्रक, पंच करून लावलेलं.

"हे देता येणार नाही. कमिटीचा रेकॉर्ड आहे."

"अंकल, प्लीज. तो माणूस आत्याला घरात घेत नाहीये."

"तेव्हा विचार करायचा होतास." मग त्यांनी फाइल मिटली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुला वाटतं आम्ही मुद्दाम केलं. मी त्या निर्णयाआधी उपास धरला होता. मला वाटलं, देव सांगतोय, मेजाची शिस्त राख. मी ती राखली. आता तूच सांग, माझं काय चुकलं?"

वाट लागली माझी. आत्याला देवानं सांगितलं, यांना देवानं सांगितलं, मला सायनच्या बसस्टॉपवर सांगितलं. तिघांनी आज्ञा पाळली आणि गोवंडीत एका बाईचं दार लागलं. "चुकलं ते फोन न करणं," मी म्हणाले. तेवढंच मला खात्रीनं माहीत होतं.  त्यांनी फाइल दिली नाही.

आत्या आता रविवारी सव्वाआठला अंघोळ करते, साडी नेसते, पर्स घेते आणि दारातल्या खुर्चीवर बसते. चर्चला जात नाही, गोवंडीला जाता येत नाही. बाराला उठून भात लावते. मी एकदा म्हणाले, चल, माझ्याबरोबर उपासनेला तरी चल. ती म्हणाली, "नऊ ते बारा मी तिची आहे. तू जा." चर्चमध्ये मला हल्ली एकही गाणं पूर्ण म्हणता येत नाही.

आणि मावशीचा मुलगा दर शनिवारी बदली माणूस शोधतो. मिळाला तर रविवारी घरी थांबतो. नाही मिळाला, तर मावशी तीन तास एकटी असते, दाराला बाहेरून कडी, पाण्याचा पेला डाव्या हाताला. हे त्यानंच मला मागच्या खेपेला सांगितलं. मी दोनशे एकोणसाठ कागद घेऊन गेले होते. त्यानं मोजले नाहीत. "बाकीचे?" एवढंच विचारलं. त्यात त्याचा राग कमी झाला होता की वाढला होता, मला ओळखता आलं नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, तुम्ही कुठेही उपासनेला बसत असाल. तो गुलाबी कागद तुमच्याकडे असेल, तर तो मला परत द्या. चर्चच्या गेटवर मी प्रत्येक उपासनेनंतर उभी असते. फोटो असेल, तर फोनमधून पुसा. पुढे पाठवला असेल, तर ज्याला पाठवला त्याला आजच फोन करा आणि सांगा: त्या बाईला मुलगा आहे, सून आहे, ते तिला रोज अंघोळ घालतात, आणि लिहिणारीनं न बघता लिहिलं होतं. मेसेज टाकू नका, फोन करा. रविवारच्या आत करा.